तिसऱ्या फ्रिजचा तक्ता

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई साळसूदपणाचा आव आणतायत. शाळेत माझ्या पाठीमागे मुलं मला ‘भट्टी’ म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे हे मुलांनाही ठाऊक आहे. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. एकोणीस वर्षं झाली. प्रॅक्टिकलमध्ये माझ्या वर्गातलं एकही मूल आजवर नापास झालेलं नाही, आणि ही गोष्ट मी कुणी विचारायच्या आधीच सांगत आलेय.

इतके मार्क कसे पडतात तेही सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. लंबकाचा प्रयोग घ्या. दोऱ्याला गोळा बांधायचा, झुलवायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर नऊ पॉइंट आठच्या आसपास यायला हवं. आमच्या प्रयोगशाळेतली निम्मी स्टॉपवॉच आजारी, स्टँड डुगडुगणारे, मुलं चाळीस आणि वेळ दीड तास. कुणाचं उत्तर अकरा यायचं, कुणाचं सात. मग मी फळ्यावर आधी नऊ पॉइंट आठ लिहायची, सूत्र उलटं फिरवायची आणि दोऱ्याच्या प्रत्येक लांबीला किती सेकंद ‘यायला हवेत’ ते काढून द्यायची. वर बजावायची, “सगळ्यांनी एकच आकडा लिहू नका. कुणी नऊ पॉइंट सात सहा आणा, कुणी नऊ पॉइंट आठ तीन. खरं वाटलं पाहिजे.” मुलं हसायची, मीही हसायची. सगळ्या शाळांत हेच चालतं, असं मी स्वतःची समजूत घालत होते. ते खोटं नव्हतं, म्हणूनच तर इतकी वर्षं खपलं.

तर, यंदा वरून एक योजना आली. अकरावीच्या मुलांनी सहा आठवडे रोज खऱ्या कामाच्या ठिकाणी जायचं, शाळेत शिकलेलं तिथे वापरायचं, आणि तिथून शेरा आणायचा. मुख्याध्यापकांनी सभेत अर्धा तास भाषण ठोकलं. शाळा आणि काम यांच्यात भिंत आहे, ती पाडायची आहे, वगैरे. मी शेवटच्या बाकावरून विचारलं, “सर, ती पाडायला माणसं कोण?” त्यांनी माझ्याकडे बघून गोड हसून सांगितलं, “तुम्हीच.” तोंड उघडलं की अंगावर काम येतं, हे माझ्या कधी लक्षात राहत नाही.

चाळीस मुलांना चाळीस जागा शोधताना माझ्या नाकी नऊ आले. छापखाना, गॅरेज, पाणी तपासायची लॅब, वखार, जिथे ओळख निघाली तिथे गेले. सगळ्यांत चांगली जागा मिळाली ती लहान मुलांच्या दवाखान्यातल्या औषधांच्या स्टोअरमध्ये. एकच जागा. आणि दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी शब्द दिला होता की शेरा चांगला असला तर बारावीनंतर त्याच मुलाला किंवा मुलीला फार्मसीच्या कोर्सला घालतील आणि शिक्षणाचा खर्च दवाखाना करेल. ती जागा मी कुणालाही न विचारता मोजपट्टीला दिली.

मोजपट्टी म्हणजे वर्गातली सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत नीटनेटकी मुलगी. तिची आई कपडे अल्टर करून देते, त्यावरून मुलांनी हे नाव पाडलं आणि मुलीला ते शोभलं. अक्षर छापल्यासारखं. समास आखलेला. तिचं जर्नल मी खालच्या वर्गांना दाखवायची. तिच्या लंबकाचं उत्तर नऊ पॉइंट सात नऊ होतं आणि खाली माझ्या हातचा लाल शेरा, ‘अत्यंत अचूक’. घरची गत अशी की बारावी झाली की तिने आईशेजारी दुसऱ्या मशीनवर बसायचं, हे ठरून गेलेलं. तसं आईने मला तोंडावर सांगितलं होतं, वाईट वाटून न घेता. त्या दवाखान्याखेरीज पुढच्या शिक्षणाचं दुसरं दार त्या मुलीला नव्हतं. तिला ते कळत होतं. पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवून ती मला दाखवायला शाळेत आली आणि नुसती उभी राहिली.

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, मधल्या सुट्टीत स्टोअरच्या ताईंचा फोन आला. स्टोअरच्या ताई म्हणजे तिथल्या फार्मासिस्ट, मोजून-मापून बोलणाऱ्या. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, “बाई, ताबडतोब या. आणि रिकाम्या पोटी येऊ नका.” काही न खाताच गेले.

स्टोअर म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला औषधांची कपाटं, दुसऱ्या बाजूला तीन फ्रिज, लसींचे. प्रत्येकाच्या दारावर तापमानाचा आकडा दिसतो आणि शेजारी एक छापील तक्ता टांगलेला असतो. सकाळी नऊ वाजता आणि दुपारी तीन वाजता आकडा बघायचा आणि तक्त्यात भरायचा. दोन ते आठ अंशांच्या मध्ये असायला हवा. मोजपट्टीला दिलेलं पहिलं काम ते. ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

ताईंनी मला तिसऱ्या फ्रिजचा तक्ता दाखवला. सुंदर तक्ता. चार पॉइंट नऊ, पाच पॉइंट एक, पाच, चार पॉइंट आठ. एक खाडाखोड नाही. मग त्यांनी कॉम्प्युटरवर एक आलेख उघडला. फ्रिजच्या आत काडेपेटीएवढं एक यंत्र असतं, ते दर दहा मिनिटांनी तापमान आपोआप टिपतं, आणि दर सोमवारी ते काढून कॉम्प्युटरला लावतात. गुरुवार सकाळपासून शनिवार दुपारपर्यंत रेघ शून्याच्या खाली होती. उणे दोन. मग कुणीतरी दार उघडं टाकलं असावं किंवा फ्रिजचं फ्रिजलाच कळलं असावं, रेघ परत वर आली होती.

“लस गोठली की संपली,” ताई म्हणाल्या. “दिसायला तशीच दिसते. मुलाला टोचली तरी त्रास काही होत नाही. फक्त उपयोगही होत नाही. आईबाप समजतात, आपलं बाळ आता सुरक्षित.” त्यांनी एक कुपी हलवून टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने आत पांढरे कण खाली बसायला लागले. “चांगली असती तर अशी फाटली नसती.”

ताई स्वतः त्या तीन दिवसांत रजेवर होत्या, त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. बदलीवर आलेली नर्स दारावरचा आकडा न बघता रोज नुसता तक्ता बघायची, पाच अंश वाचायची आणि कुप्या बाहेर काढायची. तिसऱ्या फ्रिजमधली लस त्रेचाळीस बाळांना टोचून झाली होती.

माझं डोकं सटकलं. मी तिथेच, ताईंच्या देखत, त्या पोरीवर तोंड सोडलं. “अक्कल गहाण ठेवली होतीस का? दारावर आकडा लिहिलेला दिसतो, तो वाचून उतरवायचा, एवढंच काम. पहिलीतल्या पोराला जमेल. तुला डोळे आहेत का बटणं?” आणि असंच बरंच काही. ती खाली बघत ऐकत राहिली. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तिने दप्तरातून वही काढली. खिशातली नाही, चांगली पुठ्ठ्याची, समास आखलेली.

“बाई, मी वाचला होता आकडा,” ती म्हणाली. “उणे दोनच होता. पण बाकीचे दोन फ्रिज पाच दाखवत होते. तिन्ही एकाच खोलीत, तिन्ही चालू. आणि उत्तर तर दोन ते आठच्या मध्ये यायला हवं. म्हणून मी धरलं की तिसऱ्याचा थर्मामीटर सात अंश कमी दाखवतो. उणे दोनमध्ये सात मिळवले की पाच. मग तसं लिहिलं.” तिने वही माझ्यापुढे केली. गणित मांडलेलं होतं, पायरीपायरीने, खाली दोन रेघा मारून. “सगळीकडे पाच नाही लिहिलं. थोडं कमी-जास्त ठेवलं. खरं वाटलं पाहिजे म्हणून.”

ताईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं. कुणी भर चौकात थोबाडीत मारावी तसं झालं. मी तिला म्हटलं, “जा, बाहेर बस.”

शाळेत परत आले तर मुख्याध्यापकांना बातमी लागलेली होती. त्यांची पाचावर धारण बसली होती. बुधवारी दवाखान्यात चौकशी ठेवली होती आणि त्यांनी पत्र तयारही करून ठेवलं होतं. ‘शाळेत विद्यार्थ्यांना अचूक नोंदी घेण्याचे संपूर्ण प्रशिक्षण दिले जाते. सदर विद्यार्थिनीने स्वतःच्या मनाने आकडे भरले.’ खाली माझ्या सहीला जागा, त्याखाली मुलीच्या.

“तिने मान्य केलं की प्रश्न मिटला,” ते म्हणाले. “एका मुलीचं एक वर्ष. आपल्या शाळेची तीस वर्षं. तुमची एकोणीस.”

“आणि तिची जागा?”

“बाई, जागेचं काय घेऊन बसलात? ती गेल्यातच जमा आहे.”

खरं सांगते, मी ते पत्र पर्समध्ये घातलं. त्यांच्या तोंडावर फेकलं नाही. मला रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत आणि निरोप समारंभात लोक काय बोलतील हे मी मनात कितीदा ऐकून ठेवलंय. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं आणि जुनी जर्नलं काढून बसले. नऊ पॉइंट सात आठ. नऊ पॉइंट आठ एक. नऊ पॉइंट आठ. शंभरेक जर्नलं तरी चाळली असतील. एकाही मुलाचं उत्तर अकरा नाही, एकाचंही सात नाही. ज्या मुलांनी खरोखर मोजून सात आणलं होतं, त्यांना मी ते खोडायला लावलं होतं, आणि जर ती बिचारी सातवरच अडून बसली असती तर त्यांचे मार्क मीच कापले असते.

दुसऱ्या दिवशी मी मोजपट्टीच्या घरी गेले. पत्र पर्समध्येच होतं. पुढच्या खोलीत तिची आई मशीनवर बसली होती, आजूबाजूला पँट्स, झगे, कुणाचे कुणाचे कोट, प्रत्येकाला खडूच्या खुणा. तिने पाय थांबवला. “बाई, पोरीच्या हातून काय झालंय? मला नीट सांगत नाही. कालपासून जेवली नाही, नुसती वही मांडून बसलीय.”

मी आईला सांगितलं, जेवढं मला सांगता आलं तेवढं. ती माउली ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या पोरीमुळे लोकांच्या लेकरांना फुकट सुई टोचली.” त्यात राग नव्हता, पण मला ते ऐकवलं नाही.

आतल्या खोलीत मुलगी टेबलाशी बसली होती. मला बघून उठली. टेबलावर तीन कागद होते, तिन्ही सुवाच्य.

“बाई, चौकशीसाठी लिहून ठेवलंय,” ती म्हणाली. “तीन प्रकारे. यात चूक माझी आहे. यात थर्मामीटरची आहे. आणि यात कुणाचीच नाही, नुसता गैरसमज. यातलं कोणतं यायला हवं? तुम्ही सांगा, मी तेवढंच पाठ करते.”

ती मला टोमणा मारत नव्हती. तसं असतं तर मी सुटले असते, एक ठेवून दिली असती आणि मोकळी झाले असते. ती खरंच विचारत होती. तिला वाटत होतं की चौकशी म्हणजेही प्रॅक्टिकल, आणि उत्तर आधी ठरलेलं असतं, आणि ते बाईंना माहीत असतं. मी खुर्चीवर बसले आणि मला रडू आलं. वर्गात एकोणीस वर्षांत कधी आलं नव्हतं. ती घाबरली, पाणी आणायला धावली. मी पत्र बाहेर काढलंच नाही.

बुधवारी चौकशीला मोठ्या डॉक्टर होत्या, स्टोअरच्या ताई, मुख्याध्यापक, मुलगी आणि मी. मुख्याध्यापक पत्राची वाट बघत होते. मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. लंबक, फळ्यावरचं नऊ पॉइंट आठ, उलटं सूत्र, ‘खरं वाटलं पाहिजे’. हिने जे केलं ते मी शिकवलेलं केलं, आणि माझ्या वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीने केलं, म्हणून इतकं नीट केलं.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. “म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही मुलांना खोटे आकडे लिहायला शिकवताय?”

“हो.”

मुख्याध्यापकांनी खुर्ची माझ्यापासून जरा दूर सरकवली. ताई मात्र बोलल्या. “पहिल्या दिवशी हिला मीच सांगितलं होतं, दोन ते आठच्या मध्ये यायला हवं. नाही आलं तर काय करायचं, कुणाला हाक मारायची, ते सांगितलंच नाही. मला वाटलं, त्यात काय सांगायचं. तेवढं तर कुणालाही कळतं.”

मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, “त्रेचाळीस बाळं आहेत. सगळ्यांना परत बोलावून पुन्हा लस द्यावी लागेल. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस आईबापांपर्यंत निरोप पोचला, तर हे प्रकरण मी दवाखान्यातच मिटवते. मुलगीही राहील, जागाही राहील. एक जरी राहिलं तर मला वर कळवावं लागेल. आणि वर कळवलं की बाहेरची मुलं इथे घेणं बंद. हिचं येणं तर आधी.”

फोन करायचं काम मुलीने मागून घेतलं. मी शाळेतून रजा टाकली आणि तिच्याबरोबर बसले. स्टोअरच्या कोपऱ्यात एक टेबल, एक फोन, एक यादी. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, ‘तांत्रिक कारणामुळे लस पुन्हा द्यावी लागेल’ एवढंच बोलायचं. पहिल्या तीन फोनांना ती तसं बोलली. चौथ्या बाईने विचारलं, “तांत्रिक म्हणजे काय?” मोजपट्टीने ताईंकडे बघितलं. ताईंनी मान डोलावली. मग ती म्हणाली, “फ्रिजचं तापमान मी चुकीचं लिहिलं होतं. लस गोठली होती.” त्यानंतर तिने प्रत्येकाला तेच सांगितलं.

काय काय ऐकून घेतलं तिने. एका बापाने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती फोन कानाला धरून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “हो, पण बाळाला उद्या घेऊन या.” एक आई इतकी घाबरली की तिला समजावायला ताईंना फोन घ्यावा लागला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “पोरी, खरं सांगितलंस ते बरं केलंस,” आणि तेव्हा मात्र तिचे डोळे भरले. माझा हात नुसता शिवशिवत होता, त्या ओरडणाऱ्या बापाला फोनवरच झापावंसं वाटत होतं. मी गप्प बसले. गप्प बसायला मला किती कष्ट पडतात ते माझ्या घरच्यांना विचारा.

गुरुवार संध्याकाळपर्यंत सदतीस झाले. शुक्रवारी दुपारी एक्केचाळीस. दोन राहिले. एकाचा नंबर बंद. त्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन आले, खोलीला कुलूप, शेजारीण म्हणाली माणसं गेल्या आठवड्यात सामान घेऊन गेली, कुठे ते ठाऊक नाही. दुसऱ्याचा नंबर एका चपलांच्या दुकानात लागत होता. दुकानदार तीनदा सांगून वैतागला होता की इथे कुणाला बाळ नाही. कार्डावर पत्ता अर्धाच लिहिलेला. ताईंनी जुनी रजिस्टरं उपसली, पण काही हाती लागलं नाही.

साडेचार वाजले. ताई लस द्यायच्या खोलीत होत्या, आलेल्या बाळांची रांग लागली होती. टेबलाशी आम्ही दोघीच. मोजपट्टीसमोर अहवालाचा कागद होता. ‘एकूण त्रेचाळीस. संपर्क झाला’ आणि पुढे रिकामी जागा. ती पेन धरून बसली होती. पाच वाजता कागद आत द्यायचा होता.

मी त्या जागेकडे बघत होते. मग तिच्याकडे. गळ्यातलं ओळखपत्र तिने नीट छातीवर सरळ केलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे ते दुसरं मशीन आलं, आईशेजारचं. मी आवाज खाली केला आणि म्हटलं, “त्रेचाळीस लिही.”

तिने मान वर केली.

“अगं, दोघांनाच तर शोधायचंय,” मी म्हटलं. “उद्या शनिवार. मी स्वतः सगळ्या गल्ल्या पालथ्या घालते. सोमवारपर्यंत सापडतीलच. कुणाचं काही बिघडत नाही. तुझं आयुष्य आहे हे. लिही.”

हे मी बोलले. बुधवारी चारचौघांत छाती ठोकून खरं सांगून आले होते, आणि शुक्रवारी तीच मी. मला बोलताना ते खोटं वाटलंच नाही. प्रेम वाटलं. एकोणीस वर्षं मुलांना आकडे काढून देतानाही मला प्रेमच वाटत होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

मोजपट्टीने माझ्याकडे बघितलं. तिला ती जागा हवी होती. पेन कागदाला टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. मग तिने लिहिलं. एक्केचाळीस. खाली दोन ओळी आखल्या आणि ज्यांचा पत्ता लागला नाही त्या दोन बाळांची नोंद केली, अर्धा पत्ता अर्धाच ठेवून.

“बाई, एक्केचाळीसच झालेत,” ती म्हणाली, आणि कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली.

दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसले. पलीकडे लस टोचलेली बाळं एकामागून एक रडत होती आणि आया त्यांना थोपटत होत्या. आतून मोठ्या डॉक्टरांचा फोनवरचा आवाज ऐकू आला, वर कळवत असल्याचा. त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी सांगितलं होतं तेच केलं.

पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. ती रडली नव्हती. मी उठले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, “उद्या सकाळी आपण दोघी जाऊ. त्या अर्ध्या पत्त्याच्या गल्लीपासून सुरुवात करू. मी तुझ्या घरी येते आठला.”

ती थांबली. तिने माझा हात खांद्यावरून काढला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

“नको बाई,” ती हळू म्हणाली. “मी आईला घेऊन जाते. तुम्ही बरोबर असलात की मला कळत नाही, खरंच मोजलंय की नाही ते.”

मला राग आला नाही. तिने पायऱ्या उतरून रस्ता ओलांडला आणि मी तिथेच उभी राहिले.